पिवळ्या दगडांचा किनारा

व्हेनेझुएलाच्या उत्तरेस, कॅरिबियन समुद्रात, बोनेर नावाचे एक छोटे आणि कोरडे बेट आहे. क्षेत्रफळ अवघे २८८ चौरस किलोमीटर, शेती जेमतेम, पाऊस तुटपुंजा. त्याच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या रस्त्याने जाताना कडेला पिवळ्या रंगाने रंगवलेले दगड दिसतात. प्रत्येकावर एक नाव लिहिलेले असते. ते मैलाचे दगड नव्हेत. समोरच्या पाण्यात कोठून उतरावे, हे ते सांगतात. इतरत्र प्रवाळ पाहण्यासाठी बहुधा होडी लागते. येथे मात्र गाडी उभी करावी, हवेची टाकी पाठीवर बांधावी आणि चालत समुद्रात शिरावे. वारा पूर्वेकडून येत असल्याने ही बाजू शांत असते आणि प्रवाळाचा उतार किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर सुरू होतो. समोरचे निर्जन क्लाइन बोनेर धरून अशी ऐंशीहून अधिक स्थळे आहेत.

नावेही मोठी गमतीची. ‘हजार पायऱ्या’ या स्थळी पायऱ्या प्रत्यक्षात शंभरही नाहीत. परंतु जड टाकी घेऊन परत चढणाऱ्याला हिशेबात चूक वाटत नाही. दक्षिणेस मिठाचा धक्का आहे. त्याच्या खांबांना स्पंज आणि प्रवाळ चिकटले असून त्यांच्या सावलीत माशांचे थवे थबकून असतात. मीठ भरण्यास जहाज लागले की तेथे उतरण्यास मनाई. याच किनाऱ्यावर १८५० मध्ये बांधलेल्या, मिठागरांत राबणाऱ्या गुलामांच्या दगडी झोपड्या आहेत. त्यांत प्रौढ माणसास ताठ उभे राहता येत नाही. १८६३ पर्यंत ही गुलामी चालली. पाण्याखालचे सौंदर्य पाहून वर येणाऱ्याने या झोपड्यांपाशी क्षणभर थांबावे, हे योग्यच.

‘हिल्मा हूकर’ची कथा निराळी. १९८४ मध्ये यंत्र बिघडलेले हे मालवाहू जहाज बोनेरला ओढून आणण्यात आले. झडतीत खोट्या भिंतीआड सुमारे अकरा हजार किलो गांजा सापडला. मालक कोणी पुढे आला नाही. बेवारस जहाज गळू लागले आणि १२ सप्टेंबर रोजी बुडाले. आज ते सुमारे तीस मीटर खोलीवर एका कुशीवर पडले आहे. ज्या मालाला वाली नव्हता, त्याचे वाहन आता बेटाला नित्य उत्पन्न देते!

हे उत्पन्न ज्या मुद्दलावर मिळते, ते सांभाळण्याची बुद्धी बेटाला लवकर सुचली. कासवांच्या संरक्षणाचा कायदा १९६१ चा, भाल्याने मासे मारण्यावरील बंदी १९७१ ची, तर प्रवाळ तोडण्यावरील १९७५ ची. १९६२ मध्ये आलेला कॅलिफोर्नियाचा डॉन स्टुअर्ट हा दर्यावर्दी पुढे या रक्षणाचा मोठा पुरस्कर्ता झाला. होड्यांच्या नांगरांनी प्रवाळ मोडू नये म्हणून कायमचे बोये बसवण्यात आले. १९७९ मध्ये भरतीरेषेपासून साठ मीटर खोलीपर्यंतचा बेटाभोवतालचा समुद्र संरक्षित उद्यान झाला.

पण संकल्प आणि तरतूद या दोन भिन्न गोष्टी होत. आरंभीचे अनुदान काही वर्षांत संपले आणि उद्यान केवळ कागदावर उरले. १९९१ मध्ये नेदरलँड्सने पुन्हा मदत दिली, ती उद्यानाने पुढे स्वतःच्या पायावर उभे राहावे या अटीवर. अनुदानाला अशी अट घालणारा हात विरळाच. १९९२ पासून प्रत्येक पाणबुड्याकडून वर्षाला दहा डॉलर घेण्यास प्रारंभ झाला. पैसे भरल्याचा बिल्ला उपकरणांना लावायचा, असा नियम होता. पाहुणे पाठ फिरवतील, अशी व्यावसायिकांना धास्ती होती. अर्थतज्ज्ञांनी त्याच सुमारास पाहुण्यांनाच विचारले, तेव्हा ९२ टक्के दहा डॉलर देण्यास राजी होते, ८० टक्के वीस आणि जवळजवळ निम्मे तीस डॉलर! पुढे शुल्क वाढले. आज ते चाळीस डॉलर आहे. नव्या पाहुण्याला आधी नियम ऐकावे लागतात आणि पहिली बुडी परीक्षेसारखी मारावी लागते. हातमोजे घालण्यास मनाई आहे, कारण उघड्या हाताचा मनुष्य प्रवाळाला सहसा स्पर्श करीत नाही.

इतका चोख कारभार असूनही २०२३ मध्ये एक रोग येथे पोहोचला. तो कठीण प्रवाळाची जिवंत त्वचा झडवतो. शतकभर वाढलेला मेंदूच्या आकाराचा प्रवाळ काही आठवड्यांत पांढरा सांगाडा होऊन जातो. त्याच वर्षी समुद्र असाधारण तापल्याने प्रवाळाचे रंगही उडाले. या दोन्ही गोष्टींना बेटाची हद्द ठाऊक नाही आणि चाळीस डॉलरच्या पावतीने त्या अडत नाहीत. फ्लोरिडात २०१४ पासून या रोगाने मोठे क्षेत्र उद्ध्वस्त केले आहे. बोनेरला एवढाच लाभ की पाहणारे डोळे आणि पगारी रक्षक आधीपासून तयार होते. रोग लवकर ओळखता आला, काही वसाहतींवर औषधाचा लेप देता आला.

आता पिवळ्या दगडापाशी परतलेला पाणबुड्या आपला पोशाख आणि उपकरणे जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवतो, निथळू देतो, आणि मगच पुढच्या दगडाकडे गाडी वळवतो.