नर्सिंगच्या मुलींना मंचर-नारायणगावला पाठवा

उसात किंवा कांद्याच्या रानात साप चावलेला माणूस नारायणगाव-मंचरच्या सरकारी दवाखान्यात आला, की सिस्टरला एक साधी चाचणी लावायची असते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, नळी वीस मिनिटं अजिबात हलवायची नाही, मग एकदाच तिरपी करून बघायची. रक्त गोठलं नाही, पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचं विष भिनलंय. डॉक्टरांना हाक मारायची आणि सापाची लस तयार ठेवायची. मण्यारीचं त्याहून अवघड. जमिनीवर झोपलेलं पोर पहाटे पोट दुखतंय म्हणून रडत उठतं, अंगावर खूणही दिसत नाही. त्याच्या पापण्या जड व्हायला लागल्यात, हे सिस्टरच्या वेळेवर लक्षात आलं तर ते वाचतं.

मला ही नजर पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या वॉर्डात मिळाली. नाइटच्या सिस्टर हातात टॉर्च द्यायच्या आणि म्हणायच्या, "त्याला वर बघायला सांग, पापणी कुठवर उचलतोय बघ." पुढे सारी नोकरी आमच्या जुन्नर-आंबेगावात त्याच शिकवणुकीवर केली. आज इथल्या कितीतरी मुली नर्सिंगला जातात. त्यांतली एक तिसऱ्या वर्षाला असताना भेटायला आली. वही देखणी, उत्तरं तोंडपाठ, पण कॅथेटर स्वतःच्या हातानं एकदाही घातलेला नव्हता. मला फार वाईट वाटलं. दोष त्या पोरीचा नाही.

हे शिक्षण मुळात दवाखान्यातच उभं राहिलं. 1860 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावानं जमलेल्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात शाळा निघाली. मुली तिथंच राहायच्या, मेट्रनच्या नजरेखाली वॉर्डात शिकायच्या. आपल्याकडे पुण्यात 1909 साली सेवासदन ही संस्था उभी राहिली, आणि रमाबाई रानड्यांनी विधवा मुलींना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. त्या काळात हे केवढं धाडस होतं!

त्या पद्धतीत मुलींना राबवूनही घेतलं जाई. शिकाऊ नर्स म्हणजे दवाखान्याला स्वस्तात मिळालेले हात. म्हणूनच ब्रिटननं 1980च्या दशकाच्या अखेरीस 'प्रोजेक्ट 2000' आणून हे शिक्षण कॉलेजांकडे नेलं, विद्यार्थिनींना वॉर्डाच्या कामकरी संख्येत धरणं बहुतांशी थांबवलं. वॉर्ड मात्र सोडला नाही. तिथं आजही शिक्षणाचा मोठा भाग प्रत्यक्ष रुग्णांजवळ होतो. आपण नेमकं हेच घ्यायला हवं.

पुण्याच्या जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि जिल्ह्यातल्या नर्सिंग कॉलेजांना माझी विनंती आहे. प्रत्येक तुकडी काही आठवडे मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नरच्या सरकारी दवाखान्यांत पाठवा. त्यांना शिकवायला एक अनुभवी सिस्टर वॉर्डाच्या ड्यूटीतून मोकळी करा. राहायला सुरक्षित जागा द्या, आणि स्टाफची रिकामी जागा भरायला त्यांना वापरू नका. पावसाळ्यात सापाचे पेशंट वाढतात, त्याआधी ही व्यवस्था लावा.