कंबरेतून पायात उतरणारी कळ



आपल्या घरांत कंबरदुखीची तक्रार काही नवी नाही. मालेगाव-भिवंडीत यंत्रमागावर तासन्‌तास उभा राहणारा कारागीर, आखाती देशात गाडी चालवणारा कोकणातला मुलगा, सहरीपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत ओणवी होऊन राबणारी घरातली बाई, कंबर प्रत्येकाचीच धरते. बहुतेक वेळा दोन दिवस बाम चोळला, शेक घेतला की निभावते. पण कधी कधी हीच कळ कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, अगदी पावलापर्यंत उतरते. खोकला किंवा शिंक आली की सणक जाते, पायाला मुंग्या येतात, रात्री कूस बदलणे नकोसे होते. यालाच डॉक्टर सायटिका म्हणतात. या महिन्यात आपण तिच्याविषयी बोलू.

युनानी हकीम हिला 'इर्कुन्निसा' म्हणत आले आहेत. या नावामुळे आपल्याकडे एक गैरसमज रुजला आहे. निसा म्हणजे स्त्रिया, म्हणून हा बायकांचा आजार, असे पुष्कळजण धरून चालतात. मूळ अरबी शब्द 'नसा' असा आहे आणि ते कुल्ल्यापासून खाली घोट्याकडे जाणाऱ्या नसेचे नाव आहे. आजार पुरुषांना होतो, स्त्रियांनाही होतो. पण 'बायकांचे हे असायचेच' म्हणून अम्मी किंवा सुनेच्या दुखण्याकडे काणाडोळा होत असेल, तर तो थांबवायला हवा.

नेमके होते काय?

सायटिक ही आपल्या शरीरातील सर्वांत जाड नस. कंबरेच्या खालच्या मणक्यांतून निघणारी मुळे एकत्र येऊन ती बनते आणि कुल्ल्यातून पायात उतरते. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, बाहेरून चिवट आणि आतून मऊ. तिचा आतला भाग मागे सरकून नसेच्या मुळावर दाबला, की दुखते कंबरेतल्या कारणाने आणि कळ जाणवते पायात. चकतीचा आणि या दुखण्याचा हा संबंध मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी 1934 साली स्पष्टपणे मांडला. उतारवयात मणक्यांतील जागा अरुंद झाल्यानेही असाच त्रास होतो. अशा माणसाला चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकून बसले की बरे वाटते.

दिलासा देणारी गोष्ट अशी की बाहेर आलेला चकतीचा भाग पुष्कळदा आपोआप आकसतो. बहुतेक रुग्णांची कळ सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना पुष्कळ कमी होते. एमआरआयच्या कागदावर 'डिस्क बल्ज' हे शब्द वाचून घर हादरून जाते. पण काहीच दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय तपासले असता, विशीतल्या सुमारे 30 टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे 84 टक्के लोकांत असा फुगवटा आढळला आहे. म्हणजे फोटोवर नव्हे, रुग्णाच्या त्रासावर उपचार ठरतो. पहिल्याच आठवड्यात हजारो रुपयांचा फोटो काढण्याची गरज बहुतेकांना नसते.

पडून राहू नका

'कंबर धरली आहे ना, मग महिनाभर अंथरुणातून उठू नकोस,' हा सल्ला घरोघरी मायेने दिला जातो. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या 183 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन आठवडे अंथरुणात राहिलेल्यांना, घरात हिंडत-फिरत राहिलेल्यांपेक्षा जास्त गुण आला नाही. पडून राहिल्याने स्नायू मात्र अशक्त होतात आणि मनात भीती बसते. कळ असह्य असेल तेव्हा एक-दोन दिवस आराम जरूर घ्यावा. त्यानंतर झेपेल तेवढे उठावे. सुरुवातीला घरातल्या घरात पाच मिनिटे, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग मशिदीपर्यंत.

चालण्याचा फायदा पुढेही होतो. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून बरे झालेल्या 701 जणांचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्याचे ध्येय ज्यांना दिले, त्यांचे दुखणे परत येण्यास साधारण 208 दिवस लागले. ज्यांना काहीच सांगितले नव्हते, त्यांचे 112 दिवसांतच परतले. चालायला पैसा लागत नाही. बुरखा किंवा साडी नेसूनही चालता येते, फक्त पायात सपाट, घट्ट बसणारी चप्पल असावी.

घरात काय करावे?

झोपताना कुशीवर झोपून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी. पाठीवर झोपायचे असेल तर गुडघ्यांखाली उशी ठेवावी. उठताना सरळ उठू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या आधाराने बसावे.

पाण्याची कळशी किंवा भरलेली बादली उचलताना कंबरेतून वाकू नये. गुडघे वाकवून, वजन पोटाशी धरून उचलावे आणि उचललेल्या अवस्थेत कंबर पिळू नये. एका मोठ्या बादलीऐवजी दोन छोट्या बऱ्या. ओल्या चादरी, सिलिंडर, धान्याची गोणी ही कामे काही आठवडे घरातल्या इतरांनी करावीत. पीठ मळणे, भाजी चिरणे खाली बसून न करता ओट्यावर करावे. अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त एका जागी बसू नये.

व्यायामाची एक सोपी कसोटी लक्षात ठेवावी. ज्या हालचालीने कळ पायातून वर कंबरेकडे सरकते, ती आपल्याला मानवते. जिच्याने कळ आणखी खाली पावलाकडे जाते, ती थांबवावी. कोणाला पालथे झोपून कोपरांवर छाती उचलल्याने आराम पडतो, कोणाला गुडघे पोटाशी घेतल्याने. म्हणून शेजारणीचा व्यायाम आपण उचलू नये, फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून आपला व्यायाम शिकून घ्यावा.

नमाजचे काय?

दुखणेकऱ्यांचा हा पहिला प्रश्न असतो. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी विचारले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की उभे राहून नमाज अदा करावी, ते शक्य नसेल तर बसून आणि तेही शक्य नसेल तर कुशीवर पडून. ही हदीस सही बुखारीत आहे. ही सवलत आपल्यासाठीच आहे. रुकू-सजद्यात वाकताना कळ पायात उतरत असेल, तर बरे होईपर्यंत बसून नमाज पढण्यात कमीपणा नाही. खुर्चीवर कसे बसावे, सजद्याचा इशारा कसा करावा, हे आपल्या इमामसाहेबांना किंवा आलिमांना विचारून घ्यावे. सजदा जमत असेल, तर उठताना दोन्ही हात जमिनीवर टेकून उठावे. वजू करताना एका पायावर उभे राहून दुसरा पाय बेसिनमध्ये ठेवण्यापेक्षा स्टुलावर बसावे.

शेक, पट्टा, हिजामा आणि पुड्या

गरम पाण्याच्या पिशवीने पंधरा-वीस मिनिटे शेक घेतल्यास आखडलेले स्नायू सैल होतात. मधुमेहामुळे पाय बधिर असेल तर तिथे शेकू नये, भाजल्याचे कळत नाही. कंबरपट्टा वर्षानुवर्षे बांधून फिरण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी 2023 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात पट्टे आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असे म्हटले आहे. व्यायामावर तिचा भर आहे.

हिजामा करायचा असेल तर शिकलेल्या माणसाकडून, नवे ब्लेड आणि स्वच्छ कप वापरूनच करावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. वेदनाशामक गोळ्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत. त्या जठर आणि मूत्रपिंडाला इजा करतात, रक्तदाब वाढवतात. रमजानात त्या रिकाम्या पोटी पडू नयेत म्हणून वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. आणि 'एका पुडीत कंबर मोकळी' असे सांगून विकल्या जाणाऱ्या, लेबल नसलेल्या पुड्यांपासून दूर राहावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. चार दिवस बरे वाटते आणि साखर मात्र चढते.

लाजेपायी लपवू नका

आता सर्वांत महत्त्वाचे. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला व गुप्तांगाभोवती बधिरपणा येणे, दोन्ही पायांतली ताकद जाणे, यांपैकी काहीही कंबरदुखीबरोबर सुरू झाले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे. मणक्यातल्या सगळ्या नसा एकदम दाबल्या गेल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी शस्त्रक्रियेला उशीर झाला, तर हा दोष कायमचा राहू शकतो.

ही लक्षणे अशी आहेत की आपल्या घरातल्या स्त्रिया ती तोंडातून काढत नाहीत. मुलाला कसे सांगायचे, डॉक्टर पुरुष असेल तर काय, या विचारात दोन दिवस जातात, आणि तेच दोन दिवस मोलाचे असतात. म्हणून ज्या घरात कोणाची कंबर धरली आहे, तिथे मुलीने अम्मीला, सुनेने सासूला, नवऱ्याने बायकोला स्वतःहून विचारावे, 'लघवीला नीट होते ना? तिथे बधिर तर वाटत नाही?' स्त्री डॉक्टर मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तरी थांबू नये, जीव आणि शरीर वाचवण्याच्या गरजेपुढे शरीअतने सवलत ठेवली आहे.

याशिवाय पाऊल उचलता न येणे, संध्याकाळी ताप येणे, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणे, अशा वेळीही घरगुती उपाय बाजूला ठेवून लवकर तपासणी करावी. आपल्या देशात मणक्याचा क्षय अजूनही आढळतो आणि वेळीच कळला तर तो औषधांनी बरा होतो.

बाकीच्यांनी धीर धरावा, चालत राहावे आणि घरच्यांनी त्यांच्या हातची बादली घ्यावी. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.