जुन्या पोथीचें वय आणि मोल

वाड्याची वांटणी निघाली म्हणजे समया, ताम्हणें, पराती यांची यादी वजनासुद्धां होते. माळ्यावरील पोथ्या मात्र अगदीं शेवटच्या दिवशीं कोणाच्या तरी पायाशीं येतात. आमच्या एका वाचक-कुटुंबाकडून नुकतेंच आलेलें पत्र अशाच प्रसंगाचें आहे. लाल रुमालांत बांधलेली हस्तलिखित ज्ञानेश्वरी त्यांच्या घरीं निघाली. थोरले बंधु म्हणतात, तींत शके १२१२ चा उल्लेख आहे, अर्थात् पोथी सातशें वर्षांची. धाकट्यांस एका व्यापाऱ्यानें बरीच रक्कम देऊं केली असून तो महिनाअखेर यावयाचा आहे. थोरल्या वहिनींच्या मतें जीर्ण पोथी घरांत ठेवूं नये, नदींत सोडावी. आणि एका सुज्ञ आप्तानें अठरा अध्याय नऊ-नऊ वांटून घेण्याचा तोडगा सुचविला आहे! पोथी किती जुनी व तिचें मोल काय एवढें सांगा, म्हणजे तंटा मिटेल, असें ते लिहितात.

प्रथम वयाचें पाहूं. शके १२१२ हा ग्रंथरचनेचा काल होय, पोथीच्या लेखनाचा नव्हे. तो काल ग्रंथांतच सांगितलेला असल्यामुळें काल-परवां उतरलेल्या प्रतींतहि तो येणारच. त्यापुढें बहुतेक प्रतींत शके १५०६, तारण संवत्सर, असा दुसरा काल आढळतो. तो एकनाथमहाराजांनीं ग्रंथ शुद्ध केला त्या वर्षाचा. त्याच्याहि खालीं, पुष्कळदां घाईच्या बारीक अक्षरांत, लेखकानें आपल्या श्रमाची समाप्ति नोंदलेली असते. तीच पोथीची खरी जन्मपत्रिका. या मंडळींनीं फोनवर काढून पाठविलेल्या छायाचित्रांत ती स्पष्ट आहे : शके १७१७, राक्षसनाम संवत्सर, माघ मास.

येथेंहि डोळे झांकून विश्वास ठेवूं नये. लेखकाच्या हातून आंकडा चुकतो. कित्येकदां जुन्या प्रतीचा समाप्तिलेख नव्या प्रतींत जसाच्या तसा उतरतो. म्हणून शक आणि संवत्सर यांचा मेळ घालून पाहावा. शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें. बाकी उरेल तितकावें संवत्सर प्रभवापासून मोजावें, आणि बाकी शून्य आल्यास साठावें, म्हणजे क्षय, समजावें. १७१७ त १२ मिळविले, १७२९ झाले. ६० नीं भागून बाकी ४९. आणि एकोणपन्नासावें संवत्सर राक्षसच. एकनाथांच्या १५०६ लाहि हीच कसोटी लावा. बाकी १८ उरते आणि अठरावें तारण. नर्मदेच्या उत्तरेस लिहिलेल्या पोथ्यांस मात्र हें गणित लावूं नये. तिकडे त्याच वर्षाचें नांव निराळें असतें.

शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन निघतो, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. परंतु शक बदलतो चैत्रांत आणि सन बदलतो जानेवारींत. म्हणून माघ-फाल्गुनांतील तिथि असेल तर ७९ मिळवावे. सारांश, ही पोथी १७९६ च्या आरंभीं पुरी झाली. ज्या शकांत सवाई माधवराव वारले त्याच शकांत कोणी एक लेखक दिव्यापाशीं बसून ही पानें भरीत होता. सातशें नव्हे, सव्वादोनशें वर्षें. पण तींहि थोडीं नव्हेत.

कागदाची साक्षहि घ्यावी. पान उजेडासमोर धरलें असतां कारखान्याचें नांव वा साल पाण्यासारखें उमटलेलें दिसल्यास पोथी त्या सालाच्या आधींची असूं शकत नाहीं. आणि या पोथींत जागोजाग पिवळे डाग आहेत म्हणून वहिनी त्या पुसावयास निघाल्या होत्या, तें त्यांनीं कृपा करून थांबवावें. ती हळद नव्हे, हरताळ आहे. चुकलेलें अक्षर झांकावयास लेखक तो लावीत. 'हरताळ फासणें' हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. हरताळांत सोमल असतो. यास्तव बोटाला थुंकी लावून पानें उलटण्याची संवय या पोथीपुरती तरी सोडावी.

त्याच पेटींत कांहीं छापील पुस्तकें आहेत. पैकीं एक मंडळींस हस्तलिखितच वाटलें. तें शिळाछाप आहे. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढलें, आणि पुढें कित्येक वर्षें पोथ्या तशाच निघत. अक्षर हाताचें दिसतें, पण शाईचा भर सर्वत्र सारखा असतो. बोरूनें लिहितांना शाई ओळींत फिकी होत जाते व बोरू दौतींत बुडवितांच पुन्हां गडद होते. ही भरती-ओहोटी शिळाछापांत नसते. मुखपृष्ठ गेलेल्या पुस्तकाचेंहि वय काढतां येतें. '१८६७ चा आक्ट २५' याप्रमाणें नोंदल्याचें वाक्य असेल तर पुस्तक त्या सालानंतरचें. किंमत आण्यांत असेल तर सहसा १९५७ च्या एप्रिलापूर्वींचें, कारण तेव्हां दशमान नाणीं आलीं. निर्णयसागराच्या पुस्तकावर मालक म्हणून जावजी दादाजींचें नांव असेल तर तें सहसा १८९२ पर्यंतचें, कारण त्या सालीं ते वारले. पुढें तुकाराम जावजी, मग पांडुरंग जावजी, आणि त्यानंतर सत्यभामाबाई पांडुरंग. अनुच्चारित अनुस्वार दिसल्यास पुस्तक १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वींचें, असें कोणी म्हणतात. पण आमच्यासारखे हट्टी लोक अद्यापि असल्यामुळें ही खूण एकटी पुरत नाहीं. शेवटीं शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूचि उघडावी. १९४३ चा पहिला भाग १८०० ते १९३७ पर्यंतचा व १९६१ चा दुसरा १९५० पर्यंतचा आहे. एकट्या गृहस्थानें एवढें काम केलें, याचें आम्हांस सूचि उघडतांना दर वेळीं आश्चर्य वाटतें.

आतां मोल. जुनें म्हणजे मौल्यवान, हें समीकरण व्यापाऱ्यास सोयीचें आहे, पण खरें नाहीं. एकनाथी पाठाच्या ज्ञानेश्वरीच्या प्रती महाराष्ट्रांत घरोघर होत्या. अभ्यासकांची धांव त्यापूर्वींच्या पाठाकडे असते. राजवाड्यांनीं १९०९ सालीं आपली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली ती त्याच ओढीनें. तेव्हां पाठासाठीं ही पोथी कोणी डोक्यावर घेऊन नाचणार नाहीं. हिचें मोल निराळ्या गोष्टींत आहे. ती पूर्ण आहे, तिला तिथि आहे, लेखकाचें व गांवाचें नांव आहे, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर मोडींत कांहीं जन्म व कांहीं देणींघेणीं टिपलेलीं दिसतात. यांतील एक-एक गोष्ट दुसरीला आधार देते. अध्याय नऊ-नऊ वांटले कीं तिथि एका घरीं व आरंभ दुसऱ्या घरीं जाईल, आणि दोघांच्याहि हातीं अर्धें नव्हे, जवळजवळ कांहींच राहणार नाहीं. समईच्या वाती मोजून वांटल्या तरी चालेल, पोथी नको.

व्यापाऱ्यानें सांगितलेली रक्कम हें मूल्यमापन नव्हे. ज्याला घ्यावयाचें आहे त्याचा तो पहिला शब्द आहे. शिवाय १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें पंचाहत्तर वर्षांहून जुनें व ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचें हस्तलिखित ही पुरावस्तु ठरते. तिचा व्यापार करावयास परवाना लागतो, आणि खाजगी व्यक्तीस ती परदेशीं पाठवितां येत नाहीं. धाकट्या बंधूंनीं त्या गृहस्थांकडे परवाना मागावा आणि पोथी कोठें जाणार हें विचारावें. उत्तर गुळमुळीत आल्यास चहा देऊन निरोप द्यावा.

आमचें मत विचारलें आहे म्हणून सांगतों. प्रत्येक पानाचीं दोन्ही बाजूंनीं छायाचित्रें घ्यावींत व तीं दोन्ही घरीं ठेवावींत. मूळ पोथी, ज्या घरीं ती रोज नव्हे तरी पर्वकाळीं उघडली जाईल, त्या घरीं राहूं द्यावी. तसें घर दोहोंपैकीं एकहि नसेल, तर पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ अथवा भांडारकर संस्था यांच्याकडे विचारणा करावी. नदी भरून वाहण्यास पोथ्यांची वाट पाहत नाहीं, हें वहिनींस आमच्या वतीनें नम्रपणें सांगावें.

तोंवर पोथीस चिकटपट्टी लावूं नये, कडा कापून सारख्या करूं नयेत, उन्हांत वाळवूं नये. शेवटच्या पानावरील मोडी ओळी छायाचित्रांत पुसट आल्या आहेत. पान खिडकीजवळ तिरपें धरून, बाजूनें उजेड घेऊन पुन्हां एक चित्र पाठवावें. वाचतां आल्यास त्यांत काय निघालें तें कुटुंबाच्या संमतीनें पुढील अंकीं देऊं.