वजनाबरोबर उंचीही सांगा

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत वजने घेतली. माझे भरले ३५ किलो, माझ्या मैत्रिणीचे ४०. झाले! मुलगे तिला ‘पोतं’ म्हणून चिडवू लागले. तिने दोन दिवस दुपारची खिचडी घेतलीच नाही. पोट दुखतंय असे खोटेच सांगितले. मला ते मुळीच आवडले नाही.

मग बाईंनी फळ्यावर गणित मांडले. मीटरमधल्या उंचीला उंचीनेच गुणायचे आणि त्याने किलोतल्या वजनाला भागायचे. येतो त्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात. माझी उंची १.४ मीटर. गुणाकार १.९६, भागाकार १७.९. मैत्रिणीची उंची १.५ मीटर. गुणाकार २.२५, भागाकार १७.८. म्हणजे ती जाड नाहीच, उंच आहे! चिडवणारे गप्प.

तरी एकजण म्हणालाच, “१८.५ च्या खाली म्हणजे दोघी काडीपैलवान!” पण १८.५ ते २४.९ हे माप मोठ्या माणसांचे. आमचे अंग अजून वाढतेय. आमचा आकडा वय आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्त्यावर ताडून बघतात.

माझे मत असे, की उंची न सांगता कुणाचे वजन वर्गात मोठ्याने वाचूच नये. पालकांनीही नुसते “किती भरलं?” विचारू नये. आमची आई मला बारीक म्हणून तूप वाढते आणि ताईला जाड म्हणून भाकरी मोजून देते. तिला मी हे गणित करून दाखवणार आहे. टेप शिवणाच्या डब्यात आहेच.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी