हाक मारायची ती नावाने मारा

पालक, शिक्षक, डॉक्टर, दुकानदार आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांना जाहीर आवाहन



जाड्या, ढोल्या, ढब्बू, हत्तीण, म्हैस, पिंप, भोपळा, टुणटुण. हे शब्द आपल्या घरांत, शाळांत आणि गल्लीत रोज ऐकू येतात. बोलणारा हसतो, ऐकणारे हसतात आणि ज्याला उद्देशून बोलले त्यानेही हसावे अशी सगळ्यांची अपेक्षा असते. तो हसला नाही, तर "एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" असे वर ऐकवतात. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. माणसाला त्याच्या अंगावरून हाक मारणे हा अपमान आहे आणि तो थांबला पाहिजे.

हे कुठे चालते?

शाळेत चालते. गॅदरिंगच्या नाटकात स्थूल मुलाला कुंभकर्ण नाहीतर राक्षस मिळतो. कबड्डीचा संघ निवडताना तो शेवटी उरतो आणि रस्सीखेच असली की सगळ्यांना तोच पहिला हवा असतो. पीटीच्या तासाला सर मैदानभर ऐकू जाईल असे ओरडतात, "ए जाड्या, पाय उचल!" सरांनीच म्हटल्यावर मुलांना मुभा मिळते. पुढे दहावीपर्यंत त्या मुलाचे हजेरीपटावरचे नाव कोणी घेत नाही.

लग्नाच्या बाजारात चालते. 'सडपातळ' ही अट स्थळाच्या जाहिरातीत शिक्षणाच्याही आधी छापली जाते. बघण्याचा कार्यक्रम होतो, पोहे खाल्ले जातात आणि दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप येतो : "मुलगी चांगली आहे, पण अंगाने जरा जास्त आहे." तिची पदवी, नोकरी, स्वभाव, सगळे या एका वाक्यात निकालात निघते.

घरात तर सर्रास चालते. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, आळिवाची खीर आणि भातावर तुपाची धार आग्रहाने वाढणारी माणसेच चार महिन्यांनी तिला म्हणतात, "अगं बाई, किती सुटलीस!" रात्रीतून तीनतीनदा उठून बाळाला पाजणाऱ्या त्या आईने यावर काय उत्तर द्यावे? ती पदर सारखा करते, कसनुशी हसते आणि पुढच्या हळदीकुंकवाला जायचे टाळते.

बारीक माणसांचीही यातून सुटका नाही. काडी पहिलवान, सुकट, हाडांचा सापळा ही नावे त्याच तोंडांतून येतात.

या यादीतल्या 'टुणटुण'मागे एक खरीखुरी बाई आहे. उमादेवी खत्री. लहानपणीच आईवडिलांना मुकलेली ही मुलगी गाण्याच्या ओढीने मुंबईला आली आणि १९४७ साली नौशाद यांच्या संगीतात 'दर्द' चित्रपटासाठी गायली. ती गाणी देशभर गाजली. पुढे 'टुणटुण' या नावाने तिने पडद्यावर विनोदी भूमिका केल्या आणि आपण त्या नावाची शिवी करून महाराष्ट्रातल्या हजारो मुलींच्या कपाळी मारली. तिचा आवाज विसरलो, अंग तेवढे लक्षात ठेवले.

डोळ्यांनी निदान होत नाही

"खाऊन खाऊन झालाय", "बसून बसून झालीय" असे आपण माणूस बघताक्षणी ठरवून टाकतो. वजन वाढायला जास्त खाणे आणि कमी हालचाल ही कारणे असतातच. पण थायरॉइडची कमतरता असते, पीसीओएस असते, स्टिरॉइड, इन्शुलिन आणि काही मानसिक आजारांवरची औषधे असतात, अपुरी झोप असते आणि आनुवंशिकता तर फार मोठी असते. चरकसंहितेने अतिस्थूलतेची कारणे सांगताना आहार-विहाराबरोबर बीजस्वभावही मोजला आहे. आपल्या पूर्वजांना जे कळले होते, ते आपण सोयीने विसरतो.

२१ फेब्रुवारी २०१७ रोजी मुंबई महापालिकेचे मतदान होते. त्या दिवशी एका नामवंत लेखिकेने एका अतिशय स्थूल पोलिसाचा फोटो ट्विटरवर टाकून 'भारी बंदोबस्त' अशी कोटी केली. मुंबई पोलिसांनी तिथल्या तिथे सुनावले की ही कोटी अस्थानी आहे आणि हा गणवेशही आमचा नाही. तो मध्य प्रदेशातला पोलीस निरीक्षक निघाला. १९९३ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून आपले वजन वाढत गेले, असे त्याने सांगितले. फोटो पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानेही आधी कारण विचारले नव्हते.

आता उलट बाजू बघा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा फोटो छापला. दोघेही सडसडीत. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बीएमआय दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयांतही मधुमेह इतका का आढळतो, याचा मोठा धागा या संशोधनाने दिला. "तू बरा आहेस, बारीक आहेस" हे शाबासकीचे वाक्यही म्हणूनच धोक्याचे आहे. ते ऐकून कितीतरी माणसांची साखर तपासायची राहून जाते.

"बोललं नाही तर सुधारणार कसं?"

हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सरळ देतो. वाढलेल्या वजनाने मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि गुडघेदुखीचा धोका वाढतो, हे आम्ही मान्य करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या साधारण चारांतल्या एका स्त्रीचे आणि तितक्याच पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले. प्रश्न गंभीर आहे, म्हणूनच टोमण्यांनी तो सुटतो का हे तपासले पाहिजे.

तो सुटत नाही, वाढतो. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक प्रौढांची २००६ आणि २०१० साली पाहणी झाली. वजनावरून वाईट वागणूक मिळाल्याचे सांगणाऱ्यांत आधी लठ्ठ नसलेली माणसे पुढे लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट आढळली. २०२० साली जगभरातल्या तज्ज्ञांनी 'नेचर मेडिसिन'मध्ये संयुक्त निवेदन काढून सांगितले की अशी हेटाळणी शरीराचे आणि मनाचे नुकसान करते.

हे आपल्याला घरबसल्या दिसते. ज्या मुलाला मैदानावर हसतात, तो मैदान सोडतो. जिला ताटावर टोकतात, ती लपून खाते. "आधी वजन कमी करा, मग या" असे ज्या बाईला दवाखान्यात सुनावले जाते, ती पोटात गाठ आली तरी डॉक्टरकडे जायला उशीर करते.

शरमेवर चालणारा धंदा

एसटी स्टँडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, रिक्षाच्या पाठीवर जाहिरात असते : 'पोट सुटलंय? पंधरा दिवसांत फरक.' आपण घरात ज्याला लाजवतो, तोच या पावडरी आणि काढ्यांचा गिऱ्हाईक होतो. लठ्ठपणा बरा करण्याच्या औषधाची अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचा नाव घेऊन उल्लेख आहे.

कायदा आणखीही सांगतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ प्रमाणे मुलाचा मानसिक छळ करायला मनाई आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मध्ये घरातल्या स्त्रीचा अपमान, हेटाळणी आणि तिला नावे ठेवणे हा शाब्दिक व भावनिक छळ मानला आहे. सुनेला उठताबसता 'हत्तीण' म्हणणाऱ्यांनी हा कायदा वाचावा.

आमच्या मागण्या

१. शिक्षकांनी वर्गात आणि मैदानावर प्रत्येक मुलाला हजेरीपटावरच्या नावानेच हाक मारावी. मुलांमधले चिडवणे दिसले तर त्याच तासाला थांबवावे.

२. शाळेत वजन-उंची मोजताना आकडा मोठ्याने वाचू नये. तो कार्डावर लिहून पालकांच्या हाती द्यावा.

३. डॉक्टरांनी आधी आलेल्या तक्रारीची तपासणी करावी. मग "तुमच्या वजनाबद्दल बोललं तर चालेल का?" असे विचारून विषय काढावा.

४. कापड दुकानदारांनी मोठी मापे ठेवावीत. नसतील तर "हे माप संपलंय" एवढेच सांगावे.

५. लग्न जुळवणाऱ्यांनी 'सडपातळ' ही अट छापू नये.

६. नातेवाइकांनी भेटल्याबरोबर अंगावर शेरा मारू नये. "कशी आहेस?" हा प्रश्न पुरेसा आहे. खरी काळजी वाटत असेल, तर नव्या आईचे बाळ तासभर सांभाळा म्हणजे तिला फिरायला जाता येईल.

७. पोट कमी करणाऱ्या औषधांची जाहिरात दिसली, तर तिचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.

या मागण्यांना सरकारी मंजुरी लागत नाही आणि त्यांतल्या बहुतेकांना एक पैसाही लागत नाही. लागते ती जिभेला सवय. हे पत्रक वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्या, शाळेच्या फलकावर लावा, पालकसभेत वाचून दाखवा. आणि तुमच्यासमोर कोणी कोणाला 'जाड्या' म्हणून हाक मारली, तर गप्प बसू नका. "त्याला नाव आहे" एवढे तीन शब्द तिथेच, सगळ्यांसमोर बोला.