विद्रूपता, दया आणि मजुरी

डेव्हिड लिंच या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘द एलिफंट मॅन’ हा चित्रपट १९८० साली प्रदर्शित झाला. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये, ज्याच्या देहावर अनाकार गाठी वाढल्या होत्या, डोके अवाढव्य झाले होते आणि उजवा हात निकामी झाला होता, अशा एका तरुणाची ती सत्यकथा. जत्रेतला खेळ म्हणून त्याला दाखविले जाते, एक सहृदय शल्यवैद्य त्याला इस्पितळात आणतो आणि हळूहळू त्या देहाआडचा सुसंस्कृत, हळवा माणूस जगापुढे येतो. जॉन हर्टने ती भूमिका केली आणि अँथनी हॉपकिन्सने डॉक्टर ट्रीव्ह्जची. फ्रेडी फ्रान्सिस यांचे कृष्णधवल छायाचित्रण असे आहे की धूर, वाफ आणि यंत्रांची धडधड यांनी कोंदलेले ते औद्योगिक शहर हेच कथेतले एक पात्र वाटावे. आठ ऑस्कर नामांकने मिळूनही एकही पारितोषिक पदरी पडले नाही. मात्र या चित्रपटातील रंगभूषेची दखल घेतली गेली नाही म्हणून ओरड झाली आणि पुढच्याच वर्षापासून रंगभूषेसाठी स्वतंत्र ऑस्कर सुरू झाले. विद्रूपतेवरील चित्रपटाचा हा वारसा बोलका आहे!

रेल्वे स्थानकावर गर्दी त्या अभाग्याला कोंडीत पकडते आणि तो आपण जनावर नसून माणूस असल्याचे ओरडून सांगतो, तो प्रसंग पाहताना डोळे न पाणावणारा प्रेक्षक विरळा. माझेही पाणावले. तथापि, शहाद्यात काही तरुण कार्यकर्त्यांना हा चित्रपट दाखविला, तेव्हा ऊसतोडणीला जाणाऱ्या घरातल्या एका मुलाने विचारले, “सर, जत्रेत जायच्या आधी हा माणूस काय काम करत होता?” या प्रश्नाचे उत्तर चित्रपट देत नाही, आणि खरे नाट्य तर तेथेच दडलेले आहे.

त्या माणसाचे खरे नाव जोसेफ मेरिक. ट्रीव्ह्जने १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत ते ‘जॉन’ असे दिले आणि चित्रपटाने तेच उचलले. ज्याच्या मानवी प्रतिष्ठेची कथा सांगावयाची, त्याचे नावच चुकीचे! मेरिकचा जन्म १८६२ सालचा, लेस्टर या गिरणगावातला. वयाच्या तेराव्या वर्षी तो सिगार वळण्याच्या कारखान्यात कामाला लागला. उजव्या हाताची विकृती वाढत गेली तशी बोटे चालेनाशी झाली आणि काम गेले. मग दारोदार फिरून किरकोळ माल विकण्याचा प्रयत्न झाला. लोक दार उघडीनात, रस्त्यात गर्दी जमू लागली आणि फेरीचा परवानाही गेला. १८७९ च्या अखेरीस, सतरा वर्षांचा असताना, त्याने लेस्टरच्या अनाथालयवजा श्रमगृहाचे दार ठोठावले.

हे श्रमगृह काय होते, ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. १८३४ च्या इंग्लिश दारिद्र्य कायद्याचे सूत्रच असे होते की, मदतीवर जगणाऱ्याची स्थिती बाहेरच्या सर्वांत हीन मजुरापेक्षाही हीन असली पाहिजे, म्हणजे माणसे कितीही पडत्या मजुरीवर कारखान्याकडे धावतील. गरिबीची शिक्षा दिली की मजूर स्वस्त राहतो, असा तो सरळ हिशेब. या व्यवस्थेत मेरिकची सुमारे चार वर्षे गेली. तेथून सुटण्यासाठी त्याने स्वतःच खेळवाल्यांशी संधान बांधले. १८८४ साली लंडनच्या व्हाइटचॅपल रस्त्यावर टॉम नॉर्मन नावाच्या इसमाने इस्पितळासमोरच्याच एका दुकानात त्याचे प्रदर्शन मांडले. चित्रपटातला मालक दारुडा आणि क्रूर आहे, तो त्याला चाबकाने मारतो. नॉर्मनच्या आठवणी मात्र वेगळे सांगतात. मेरिकला स्वतःच्या पायावर उभे राहावयाचे होते आणि तो पैसे साठवीत होता. पोलिसांनी इंग्लंडमधले असले खेळ बंद पाडल्यावर तो युरोपात गेला. तेथे दुसऱ्याच एका व्यवस्थापकाने त्याची सुमारे पन्नास पौंडांची पुंजी लुबाडून त्याला वाऱ्यावर सोडले. १८८६ मध्ये तो कसाबसा लंडनला परतला, तेव्हा खिशात ट्रीव्ह्जचे कार्ड होते.

नॉर्मन संत होता असे मला म्हणावयाचे नाही. एखाद्याच्या व्यंगावर तिकीट लावणे हा शोषणाचाच प्रकार आहे. परंतु सर्व पाप एका दारुड्याच्या माथी मारले की कारखाना, परवाना खाते आणि श्रमगृह ही तिन्ही सुटतात. प्रेक्षक त्या दुष्टावर संतापून, डॉक्टरवर प्रसन्न होऊन, हलक्या मनाने घरी जातो. व्यवस्थेला खलनायक करणे कॅमेऱ्याला कठीण जाते हे मान्य, पण लिंचच्या योग्यतेच्या कलावंताकडून तेवढी अपेक्षा करावयास हरकत नव्हती. बर्नार्ड पोमरन्सचे १९७७ चे याच विषयावरील नाटक मला त्या दृष्टीने अधिक धीट वाटते. त्यात नट रंगभूषेशिवाय ही भूमिका करतो, म्हणजे विद्रूपता पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे हे प्रेक्षकाला स्वतःशीच कबूल करावे लागते.

इस्पितळात मेरिकला जागा मिळाली तीही हक्काने नव्हे. असाध्य रोग्यांना तेथे कायम ठेवून घेण्याचा नियम नव्हता. अध्यक्ष कार गॉम यांनी डिसेंबर १८८६ मध्ये ‘टाइम्स’ला पत्र लिहिले, देणग्यांचा ओघ लागला आणि तेवढ्यावर १८९० साली मृत्यू येईपर्यंत त्याची सोय झाली. धड असलेल्या डाव्या हाताने तो पुठ्ठ्याचे देखणे चर्च बनवी आणि ते भेटीदाखल देई. सिगार वळणाऱ्या त्या हाताला इस्पितळाने निवारा दिला, मजुरी मात्र दिली नाही. ट्रीव्ह्जच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. पण अमीर-उमरावांच्या पत्नींनी येऊन हस्तांदोलन करावे, हा प्रतिष्ठेचा कळस मानावा काय?

आता आपल्या घरी येऊ. मेरिकच्या मृत्यूनंतर आठच वर्षांनी, १८९८ साली, ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा केला. त्यातली मेख पाहा. पोलिसाला वॉरंटाशिवाय अटक करण्याचा अधिकार होता तो ‘कंगाल’ कुष्ठरोग्याला. कंगाल म्हणजे जो उघड भीक मागतो, जखमा दाखवितो, किंवा ज्याला निर्वाहाचे दृश्य साधन नाही. वाड्यात राहणाऱ्या सावकाराच्या घरी रक्तपिती असली, तर या अटकेच्या कलमाला त्याचे काही देणेघेणे नव्हते. जंतू दोघांचा एकच, गुन्हेगार मात्र एकटा गरीब! शिवाय खाद्यपदार्थ विकणे, पाणी भरणे यांसारखी कामे करण्यास रोग्यांना मनाई करता येत असे. म्हणजे आधी निर्वाहाचे साधन काढून घ्यावयाचे आणि मग साधन नाही म्हणून पकडावयाचे. हा कायदा केंद्रीय कायद्यांच्या पुस्तकातून निघाला तो २०१६ साली. दरम्यान स्वतंत्र भारतात, आपल्या मुंबई राज्यात, १९५९ चा भीकबंदीचा कायदा झाला. भीक मिळविण्यासाठी जखम वा व्यंग दाखविणे ही त्यात भिकेचीच एक व्याख्या ठरली आणि कुष्ठरोगी भिकाऱ्याला स्थानबद्ध करण्याची तरतूदही आली. २००८ साली तर ओडिशात पालिकेवर निवडून आलेल्या एका व्यक्तीला कुष्ठरोगाच्या कारणाने अपात्र ठरविणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली. घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग वगळण्यास २०१९ साल उजाडले. औषधाने रोग बरा होऊ लागून तोवर कित्येक दशके लोटली होती.

येथे वैद्यकशास्त्रातील एक गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. कुष्ठरोगाने बोटे झडतात, हा समज चुकीचा आहे. या रोगाचे जंतू त्वचेवर आणि मज्जातंतूंवर हल्ला करतात, त्यामुळे हातापायांची संवेदना जाते आणि काही स्नायू लुळे पडून बोटे वाकडी होतात. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून हे काम केले आणि दाखवून दिले की, पुढची झीज ही बधिर अवयवाला वारंवार होणाऱ्या इजांची असते. चुलीवरचे भांडे उचलताना चटका कळत नाही. अनवाणी पायात काटा रुतला तर कळत नाही. अवजाराच्या मुठीने फोड आला तरी काम चालूच राहते. ज्याला विश्रांती परवडते, जोडे परवडतात, त्याचे हातपाय बरेचसे वाचतात. ज्याला उद्याची मजुरी बुडविता येत नाही, त्याचे वाचत नाहीत. तेव्हा ज्याला आपण रोगाची विद्रूपता म्हणतो, तिच्यातला मोठा हिस्सा दारिद्र्याने आणि श्रमाच्या अटींनी घडविलेला असतो.

महाराष्ट्राला या प्रश्नाचा एक उज्ज्वल वारसा आहे. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. १९३९ साली संस्कृत पंडित परचुरेशास्त्री व्याधिग्रस्त होऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांचे अंग चोळले. हे चित्र सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून मोलाचे वाटते ते पुढचे. शास्त्रीबुवा आश्रमात संस्कृत शिकवीत आणि त्यांनी विवाहाचे पौरोहित्यही केले. ज्याच्या सावलीला लोक भीत, त्याच्याकडे मंगलकार्य सोपविले गेले. त्यांची विद्या कामाला लावली गेली.

बाबा आमट्यांनी हेच सूत्र हजारो माणसांच्या प्रमाणावर नेले. वकिली करणारे, वरोरा नगरपालिकेत काम करताना सफाई कामगारांची संघटना बांधून स्वतः मैला वाहणारे बाबा, पावसात पडलेल्या तुळशीरामला पाहून प्रथम घाबरून पळाले, हे त्यांनीच सांगितले आहे. त्या भीतीशी झगडत त्यांनी कलकत्त्याला या रोगाचे शिक्षण घेतले आणि १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. खडकाळ जमीन, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढे भांडवल. आनंदवनात दया वाटली गेली नाही. तेथे विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, कापड विणले गेले. १९६४ साली कुष्ठरोगमुक्तांच्या श्रमांतून आनंद निकेतन महाविद्यालय उभे राहिले आणि वरोऱ्याची निरोगी मुले तेथे शिकू लागली. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, ज्यांना समाजाने शून्य उत्पादकतेचे ठरविले होते, त्यांनी समाजाला वाढावा करून दिला. लंडनच्या इस्पितळात मेरिकला जे मिळाले नाही ते येथे मिळाले, आणि आपल्या चित्रपटवाल्यांनी शिकवण घ्यावयाची तर येथून घ्यावी.

तरीही एक गोष्ट बोलली पाहिजे. आनंदवन ही वेगळी वसाहत आहे. ती उभारावी लागली, कारण गावाने आपला माणूस परत घेतला नाही. वसाहतीच्या यशाकडे बोट दाखवून गाव स्वतःची जबाबदारी झटकू लागले तर तो बाबांच्या कामाचा पराभव होईल. बाबांना हे पुरते उमगले होते असे मी मानतो. १९९० साली आनंदवन सोडून ते नर्मदाकाठी, बडवानीजवळच्या कसरावदला जाऊन राहिले, आणि आपल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या बुडणाऱ्या गावांचा लढा त्यांनी आपला मानला. ज्यांना समाज टाकून देतो त्यांची यादी रोग्यांपाशी संपत नाही, हे त्यांच्या पायांनी ओळखले होते.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात हा विषय पुस्तकी नाही. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली सालदार आणि भूमिहीन बोलू लागले, तेव्हा मागणी किमान वेतनाची आणि गेलेल्या जमिनीची होती. त्यामागचा खरा आग्रह मात्र माणूस म्हणून मोजले जाण्याचा होता. आज सालदारकी बरीच मागे पडली आहे आणि सातपुड्यातली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास दक्षिण गुजरातेत उसाच्या फडांवर जातात. त्या धंद्यात मजूर जोडप्याचे नावच ‘कोयता’. एकटा माणूस असला तर ‘अर्धा कोयता’. जेथे माणूस अवजाराच्या नावाने ओळखला जातो, तेथे ज्याच्या हातात कोयता ठरत नाही त्याला काय नाव असणार? म्हणून अंगावर बधिर चट्टा दिसला तरी मजूर तो दाखवीत नाही. उचल घेतलेली असते, मुकादमाला कळले तर घरी पाठविले जाईल ही धास्ती असते. चट्टा लपतो आणि मज्जातंतू जातो.

डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारी एकाहून कमी रुग्ण उरले म्हणून देशातून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. हा देशाच्या सरासरीचा आकडा होता आणि सरासरीचे गुणदोष मी आयुष्यभर वर्गात शिकवीत आलो आहे. २०२३ साली जगात नोंदलेल्या सुमारे १ लाख ८३ हजार नव्या रुग्णांपैकी सुमारे १ लाख ८ हजार आपल्या देशातले होते. रोगाची गोळी मोफत मिळते, सहा महिने किंवा बारा महिने घेतली की माणूस बरा होतो, आणि उपचार सुरू होताच संसर्गाची भीती लवकरच संपते. अडचण एवढीच की मजुराचा हंगाम नेमका या सहा-बारा महिन्यांच्या मध्ये येतो.

म्हणून आपल्या तालुका समित्यांनी या वर्षी फडावर जाणाऱ्या टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक पाड्यावर आरोग्यसेवकांबरोबर फिरावे. चट्टा तपासताना स्त्रियांना स्त्री-कार्यकर्तीनेच तपासावे, कारण त्यांचे चट्टे सर्वांत उशिरा सापडतात. उपचार चालू असलेल्या मजुराला पूर्ण हंगामाच्या गोळ्या आणि दोन राज्यांत चालेल असे कार्ड प्राथमिक आरोग्य केंद्राने बरोबर द्यावे, बधिर पायांना एम.सी.आर. चपला निघण्याआधी मिळाव्यात, ही मागणी जिल्हा परिषदेपुढे लेखी ठेवावी. बोटांच्या शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्याला बुडालेल्या रोजंदारीची भरपाई देण्याची योजना आहे. तिचे अर्ज भरून देण्याचे काम शहादा आणि तळोद्याच्या साथींनी अंगावर घ्यावे. आणि मुकादमांशी उचलीचा करार होईल तेव्हा, उपचार घेणाऱ्या मजुराला परत पाठविणार नाही आणि त्याला मोळी बांधण्याचे किंवा कोयता न लागणारे दुसरे काम पूर्ण मजुरीवर देऊ, हे कलम त्यात लिहून घ्यावे.