विश्लेषण : हिंदमाताच्या पाण्यातला जिवाणू आपल्या पेशींना चकवतो कसा?

जोराचा पाऊस झाला की हिंदमाता, परळ, लालबागला पाणी साचते आणि पालिकेची ओळखीची सूचना मोबाइलवर फिरू लागते. साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा आणि लेप्टोची प्रतिबंधक गोळी घ्या. ‘ताप नाही, मग गोळी कशाला?’ असे म्हणून अनेक जण ती टाळतात. पण लेप्टोच्या बाबतीत ताप नसणे ही खात्री नव्हे.

शरीरात शिरलेले जिवाणू गिळणाऱ्या पेशींना मॅक्रोफेज म्हणतात. त्यांचे काम ओळखले इल्या मेच्निकोव्ह यांनी. (परळची संस्था ज्यांच्या नावाने आहे ते हाफकिन ओडेसात त्यांचेच विद्यार्थी.) पण आपला कोण, परका कोण हे पेशीला कसे कळते? तिच्यावरच्या रिसेप्टरमुळे. त्यातला टीएलआर-४ हा रिसेप्टर अनेक जिवाणूंच्या आवरणातला लिपोपॉलिसॅकराइड हा घटक ओळखतो. खूण पटली की पेशी रासायनिक संदेश सोडते, ताप चढतो, मदतीला आणखी पेशी धावतात. या शोधासाठी ब्रूस बॉयटलर २०११ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

लेप्टोस्पायराच्या आवरणातही हा घटक असतो, पण त्याची घडण जरा वेगळी असते. माणसाच्या टीएलआर-४ ला ती ओळखता येत नाही. गंमत म्हणजे प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदरांच्या टीएलआर-४ ला येते आणि ते सहसा तगतात. ज्या उंदरांत हा रिसेप्टर काम करत नाही, त्यांना मात्र संसर्ग जड जातो. माणूस अगदीच निःशस्त्र नसतो. टीएलआर-२ सारखे दुसरे रिसेप्टर आहेत, पुढे प्रतिपिंडेही तयार होतात. तोवर जिवाणूला रक्तात वाढायला सवड मिळते.

लक्षणे दिसायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात. ७२ तासांची घाई आहे ती याआधी जिवाणूला गाठण्यासाठी. मोठ्यांना सहसा डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर महिला आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे, त्यामुळे दुकानातून परस्पर गोळी घेऊ नये.

हिंदमातासाठी पालिकेने भूमिगत टाक्या बांधल्या आहेत. पण पायाला चीर असेल तर उंदराचे मूत्र मिसळलेले घोटाभर पाणीही पुरते. पुढच्या पंधरवड्यात ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले, तर त्या दिवशी पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आधी सांगा.